सहा नंबरच्या खाटेवरची तपासणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मी डॉक्टर, वय त्रेपन्न. अंगात आलंय म्हणून आणलेल्या माणसाचं बीपी बघून, सलाईन लावून घरी पाठवणारा. असल्या गोष्टींवर विश्वास कधीच नव्हता... आता आहे की नाही, तेही धड सांगता येत नाही. त्याचाच वैताग आहे.

महाड-पोलादपूर रस्त्यावर एक लहान रुग्णालय आहे, नाव देत नाही. तिथे शिकाऊ डॉक्टर दोन-दोन महिन्यांसाठी येतात. शेवटच्या दिवशी मी त्यांची परीक्षा घेतो — एक पेशंट तपासून त्याची केस मला सांगायची, मग मी लॉगबुकात शेरा लिहून सही करतो. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचो, हात खिशात. परीक्षेच्या पेशंटला आधी चहा पाजायचो, पण स्वतः तपासत नसे. परीक्षा पोरांची, पेशंटची थोडीच!

दोन वर्षांपूर्वी मृणाल नावाच्या मुलीला सहा नंबरच्या खाटेवरचे बाबा दिले. वरंधच्या वरच्या वाडीतले, शेळ्या राखणारे. पाठ दुखते म्हणून आले होते.

"सर, बेंबीच्या वर गाठ आहे. नाडीसारखी उडतेय. मोठी रक्तवाहिनी फुगली असावी."

"बारीक माणसाच्या पोटात नाडी लागतेच. पुढे बोल."

"सर, एकदा हात लावून बघा ना."

सगळ्या वॉर्डसमोर! वर बाबा हसले. "पोरगी बराबर बोलतेय, सायेब. धडधडतंय आत."

"बाबा, परीक्षा तिची चाललीय, तुमची नाही."

"मंग मघाशी चाय मला कशापायी पाजलीत?"

वॉर्ड हसला. मी नाही. शेरा लिहिला, ‘रुग्णतपासणी कच्ची, वागणं उद्धट’, आणि तिचं पोस्टिंग दोन महिने वाढवलं. बाबांना गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्या दोन महिन्यांपायी मृणालचा पुढचा प्रवेश त्या वर्षी हुकला, हे नंतर कानावर आलं. वाईट वाटलं. पण शेरा बदलायचा म्हणजे चूक कबूल करायची... नाही बदलला.

गेल्या वर्षी अशीच आणखी एक बॅच, शेवटचा दिवस. सकाळचे अकरा, खिडकीतून ऊन थेट खाटेवर. ओंकार नावाचा मुलगा कागदावरून केस सांगत होता, माझं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये.

"...आणि सर, बेंबीच्या वर उडणारी गाठ."

मी मान वर केली. तेच बाबा. माझ्याकडेच बघत होते.

"या टायमाला तरी हात लाव रे डाक्टरा."

लावला. तळव्याखाली ते धडधडत होतं — मुठीएवढं, शिकाऊ पोरालाही चुकणार नाही असं. मी तसाच बाहेर धावलो. ओंकार माझ्या मागे.

"सिस्टर, गाडी बोलवा! सहा नंबरला महाडला हलवायचंय."

सिस्टर वरंधच्याच. म्हणाल्या, "सहा नंबर? सर, ती खाट सकाळपास्नं रिकामी हाय."

तिघंही आत गेलो. चादर ताणलेली, एक सुरकुती नाही. ओंकारने हातातला कागद पुढे केला — नाव, वय, वाडी, सगळं त्याच्या अक्षरात. सिस्टरने वाचला आणि टेबलावर ठेवून दिला.

"हे बाबा वारले, सर. मागच्या साली, इथनं घरी गेल्यावर आठव्या दिवशी. पोटात कळ आली, नि पाणी आणेस्तोवर संपले."

ओंकारने जुने कागद पाहिले असतील, बाहेरचं कोणी येऊन झोपलं असेल... सगळं तपासलं. काहीच जुळत नाही. ओंकार म्हणतो, "सर, मी माणूस तपासलाय." हात तर मीही लावला होता.

मृणाल बरोबर होती, एवढं मात्र सरळ आहे. मी न तपासताच तिला कच्ची ठरवलं, तिचं निदान खरं होतं, आणि ते ऐकलं असतं तर बाबा कदाचित वाचले असते — असं पत्र मला तिच्या कॉलेजला द्यायचंय, आणि त्याची एक प्रत वर वाडीत बाबांच्या घरी. वर्ष होऊन गेलं. दोन्ही द्यायची बाकी आहेत.