आमेनला झालेला उशीर

सदर भागातल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत माझ्या प्रार्थनेची ख्याती अशी होती, की मी उभा राहिलो की अनुभवी बाया आधी घरी जाऊन चुलीवरचं उतरवून यायच्या. "हे सर्वसमर्थ, कृपाळू, स्वर्गीय पित्या" असा सूर लावला की मी थेट आदामापासून निघायचो. नोहाच्या तारवात पाणी ओसरेपर्यंत थांबायचो, योनासोबत माशाच्या पोटात मुक्काम करायचो, आणि मग कुठे ज्याच्या तापासाठी बोलावलं त्याच्या खाटेशी पोचायचो. तोवर बहुतेकांचा ताप आपोआप उतरलेला असायचा आणि श्रेय मला मिळायचं. एकदा मी सुरुवात केली तेव्हा भिंतीवर पालीनं अंडी घातली आणि आमेन म्हणेतो पिल्लं चालायला लागली होती. मी पाहिलं नाही, माझे डोळे मिटलेले होते. पण सांगणारा चर्चच्या मंडळीतला वडील होता, आणि वडील खोटं बोलत नाहीत. निदान रविवारी तरी.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. थोरला भाऊ कोराडीच्या वीजकेंद्रात पाळीवर होता. सकाळी वहिनीचा चुलतभाऊ पहिल्या गाडीनं तिच्या आईचा निरोप घेऊन आला. वहिनीचं माहेर रामटेकच्याही पलीकडे, एका लहान गावात.

"मोठीमाय लई बिमार आहे," तो म्हणाला. "अजून बोलून राहिली. तुलेच बलावून राहिली. लवकर निघ वं."

तो तसाच भावाला सांगायला कोराडीला गेला आणि वहिनीला घेऊन जायचं माझ्याकडे आलं. त्या गावापर्यंत थेट जाणारी गाडी दुपारी एकच. ती चुकली की संध्याकाळशिवाय काही नाही. वहिनीनं पिशवी भरली, सायकलरिक्षा दारात आणून उभी केली. आता फक्त प्रार्थना राहिली होती. आमच्यात प्रार्थनेवाचून कुणी प्रवासाला उंबरा ओलांडत नाही, मग ते दिल्लीला जायचं असो की इतवारीत हळद आणायला. आणि एकदा प्रार्थना सुरू झाली की आमेनपर्यंत कुणी हलत नाही. मधमाश्या उठल्या तरी नाही.

निरोप ऐकून शेजारी जमले होते. पाळकसाहेबही आले होते. त्यांनी दोन वाक्यांत उरकलं असतं, पण ते म्हणाले, "तुम्हीच करा." पुढच्या महिन्यात मोठी सभा होती, गावोगावची माणसं येणार होती, आणि तिथे प्रार्थना कुणी करायची हे पाळकसाहेब ठरवणार होते. मला ते माहीत होतं. मला ते माहीत होतं हे देवालाही माहीत होतं, आणि हा आमच्या दोघांतला मामला अजून मिटलेला नाही.

वहिनीनं डोक्यावर पदर घेतला. मी डोळे मिटले आणि आदामापासून निघालो.

तारवापर्यंत येतो तोच बाहेर रिक्षाची घंटी वाजली. थोड्या वेळानं पुन्हा. मी आवाज चढवला, "प्रभू, या घटकेलाही सैतान तुझ्या लेकरांचं चित्त विचलित करू पाहत आहे!" पाळकसाहेबांनी "हूं" केलं. ते "हूं" माझ्या अंगात असं चढलं, की मी इस्राएल लोकांना मिसर देशातून बाहेर काढायला घेतलं, आणि ते काम चाळीस वर्षांचं आहे.

तेवढ्यात वहिनी मध्येच "आमेन" म्हणाली. बारीक आवाजात. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "आमेन, भाऊजी." मला वाटलं, वहिनी भारावली. मी आणखी रंगलो. वाटलं असं म्हणतो आहे. खरं तर तिचा आवाज कापत होता आणि तो मला ऐकू आला होता. पण वाळवंटाच्या मधोमध लोकांना सोडून कसं यायचं?

शेवटी रिक्षावालाच दारात आला. "ओ भाऊ! तुमचा देव काई पळून नाई चालला. बस चालली! तुमाले जा लागते का नाई?"

मी आमेन म्हटलं. बाजेखालची मांजरसुद्धा सुटकेचा श्वास टाकून उठली. रिक्षावाल्यानं जीव खाऊन रिक्षा मारली. आम्ही स्टँडच्या दरवाज्यात शिरलो तेव्हा गाडी दुसऱ्या दरवाज्यातून बाहेर पडत होती. वहिनी थोडी पळाली. मग थांबली, पिशवी बाकावर ठेवली आणि बसली. संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत आम्ही तिथेच होतो. मी दोनदा चहा आणला. दोन्ही वेळा तो मीच प्यायलो.

गावात पोचलो तेव्हा कंदील लागले होते. वहिनीची मावशी दारातच होती.

"आत्ता आली का वं? दिवस बुडेपावेतो तुहंच नाव घेऊन राहिली होती. मंग जीभ जड पडली. आता काई बोलत नाई, ओळखतही नाई."

वहिनी आईजवळ जमिनीवर बसली. मावशी मला म्हणाली, "तुमी लई मोठी प्रार्थना करता म्हणतात. करा ना जी."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी तोंड उघडलं. आदाम नाही, नोहा नाही, कृपाळू नाही, सर्वसमर्थ नाही. ज्या तोंडातून समुद्र दुभंगायचे त्यातून साधं "हे पित्या"सुद्धा निघेना. सगळे वाट पाहत होते, आणि मी आईच्या तोंडाकडे पाहत होतो. तेही उघडंच होतं.

मग वहिनीनं आईचा हात धरला आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "प्रभू, माह्या आईले सांगजो, मी आली म्हणून."

एवढंच. सगळे आमेन म्हणाले. मला म्हणता आलं नाही.

आई त्याच आठवड्यात गेली. ती पुन्हा बोलली नाही. वहिनीनं हे कधी काढलं नाही, भावालाही सांगितलं नाही. काढलं असतं तर मी काहीतरी रचून सांगितलं असतं, गाडीच वेळेआधी सुटली म्हणालो असतो. तिनं ती सोय ठेवली नाही.

मोठ्या सभेत प्रार्थना दुसऱ्या कुणी केली. तेव्हापासून मी एका वाक्यात आटपतो. आता त्याचीही ख्याती झाली आहे. परवा घरच्या सभेत एक पाहुणे म्हणाले, "किती लहान प्रार्थना! आणि किती नम्र!" मी मान खाली घातली. फार सुरेख घातली. आणि वहिनीनं ते पाहिलं का, म्हणून हळूच तिच्याकडे पाहिलं.

ती पाहतच होती.