चिमणीला लागलेली नजर

हसणार नसाल तर सांगते. हसालच म्हणा, साऱ्या धानोऱ्याने हसून घेतलंय, मग तुम्हीच का मागे राहायचं? पण एक आधीच सांगून ठेवते. चूक माझी एकटीची नव्हती. साळुंक्यांची होती, चिमणी बसवणाऱ्याची होती, आणि आमच्या ह्यांची तर होतीच होती.

झालं असं, की नवीन ओटा केला तेव्हा मी हट्टाने स्वयंपाकघरात विजेची चिमणी बसवून घेतली. आमच्या गल्लीतली पहिली! बसवणारा सांगून गेला, गॅस पेटवायच्या आधी बटण दाबायचं, विसरायचं नाही. मी कसली विसरतेय? कपभर दूध तापवायचं असलं तरी माझा हात आधी बटणावर. घर्र झालं की धूर वर, पाइपातून भिंतीबाहेर, आणि माझं स्वयंपाकघर लख्ख. भिंतीबाहेर म्हणजे नक्की कुठे, हा प्रश्न मला पडला नाही. तुम्हाला पडला असता का? खरं सांगा.

गल्लीतल्या बायका चिमणी बघायला आल्या. शेजारच्या मोठ्या जाऊबाईही आल्या. आमची घरं लागूनच, मध्ये हातभर बोळ. त्या अजून चुलीवर भाकरी करतात. बराच वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चांगलं शे माय. तुन्हा धूर तरी बाहेर जास."

एवढंच बोलल्या. आणि थोड्याच दिवसांत माझी सोन्यासारखी चिमणी बिघडली.

म्हणजे चालत होती, पण आतून खरखर. मध्येच फडफड. बंद असली तरी किर्रर्र! एकदा तर उकळत्या वरणात वाळकी काडी येऊन पडली. ह्यांना म्हटलं, जरा वर चढून बघा. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "नवी शे. बसाले टाइम लागस." चिमणी काय नवी सून आहे, घरात बसायला वेळ लागायला? बसवणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला उद्या येतो. त्याचा उद्या अजून उगवायचाय.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नजर!

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही अंगणवाडी सेविका. बायकांना सांगता, पोर रडलं तर आधी डॉक्टरकडे न्या, नजर काढत बसू नका. हो, सांगते. पण ते पोरांचं झालं. चिमणीला कुठल्या डॉक्टरकडे नेऊ?

मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या, चिमणीवरून ओवाळल्या, आल्यागेल्याची, बघून जळणाऱ्याची असं सगळं म्हटलं, गॅसवर तवा ठेवला आणि टाकल्या त्यावर. आणि काय सांगू! मिरच्या काळ्या ठिक्कर पडल्या, मी तव्यावर वाकून उभी, आणि ठसका नाही! शिंक नाही! डोळ्यात टिपूस नाही! अहो, नंदुरबारची मिरची आहे ती, नुसत्या पोत्याजवळून गेलं तरी माणूस शिंकतो.

ठसका लागला तर नजर नाही, आणि लागला नाही तर नजर भारी. हे काय मी तुम्हाला शिकवायचं?

आणि नेमका त्याच क्षणी बोळापलीकडून जाऊबाईंचा खोकला ऐकू आला. साधासुधा नाही, चांगला जीव कासावीस करणारा. आता सांगा, नजर माझ्या घरात उतरवली आणि ठसका त्यांना लागला. आणखी कुठला पुरावा पाहिजे होता मला?

दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतली. तवा, मिरच्या, बटण. मला काही नाही, पलीकडे खोकला. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तर मी रोजच लावलं. जितक्या मिरच्या जास्त तितका खोकला जास्त. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सख्खी बहीण मानलं या बाईला, आणि माझं एवढंसं सुख हिच्या डोळ्यात खुपावं?

मी बोलणं टाकलं. त्यांनी भरताची वाटी पाठवली, ती मी धुऊन रिकामी परत केली. रिकामी वाटी! आमच्याकडे याचा अर्थ काय होतो ते बायकांना विचारा. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. बघा, मी म्हटलं, मन खातंय त्यांचं.

आणि याच दिवसांत आमच्या रूपालीचा साखरपुडा ठरला. मुलगा सारंगखेड्याचा, घरचे लोक चांगले. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, जाऊबाईंना बोलवायचं नाही. चिमणीचं हे केलंय, पोरीच्या संसाराचं काय करतील? ह्यांनी पेपर खाली ठेवला, यावरून ओळखा गोष्ट किती वाढली होती. रूपालीने तर एकच सांगितलं, "मोठी माय नहीं तं मी पाटवर बसाव नहीं."

तिचंही चूक नव्हतं. मी अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळायला जायचे तेव्हा माझी पोर जाऊबाईंच्या पडवीत वाढली. पहिला घास त्यांच्या हातचा, पहिली वेणी त्यांच्या हातची. मला काय हे माहीत नव्हतं? माहीत होतं म्हणून तर जास्त राग होता. मी हट्ट सोडला नाही, पोरीनेही सोडला नाही. आई कुणाची आहे मी!

साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांची गाडी दाराशी आली तरी रूपाली खोलीत रुसून बसलेली. मी म्हटलं, आता एकच उपाय. शेवटची नजर काढायची, दणदणीत, म्हणजे पोर ताळ्यावर येईल. ओंजळभर मिरच्या घेतल्या. बाहेरच्या खोलीत व्याही-विहीण टेकत होते, ह्यांनी पाणी दिलं होतं. मी बटण दाबलं आणि मिरच्या तव्यावर टाकल्या.

धूर नेहमीप्रमाणे वर गेला. थांबला. आणि सगळाच्या सगळा खाली आला.

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण डोळेच उघडत नव्हते. ऐकू मात्र आलं. आधी माझा ठसका, मग ह्यांचा, मग व्याह्यांचा, मग जावयाचा, आणि विहीणबाई तर "पानी, पानी" करत दार चाचपत होत्या. सारी मंडळी अंगणात, तिथेही धूर, म्हणून बोळ ओलांडून सरळ जाऊबाईंच्या पडवीत!

मी पदराने डोळे पुसत मागून पोहोचले, तर जाऊबाईंनी सगळ्यांना बसवलेलं, हातात पाण्याचे तांबे, डोळ्यांवर ओली फडकी. जरा गडबड नाही. जशी काही रोजची सवय. आणि रोजचीच होती हो!

"आज धूर तुन्हाच घरमा ऱ्हायना का?" त्या मला म्हणाल्या. "रोज तं मन्हा पडवीमा येस."

त्यांनी वर बोट दाखवलं, तिकडे मी पाहिलं. त्यांच्या खाटेच्या बरोबर वर, माझ्या भिंतीतून माझ्याच चिमणीचा पाइप बाहेर आलेला. त्याचं तोंड गवताने, काड्यांनी, चिंध्यांनी गच्च भरलेलं, आणि वर एक साळुंकी बसून पिवळ्या चोचीने मला वाट्टेल ते बोलत होती. तिला मिरचीचं काही नव्हतं. धानोऱ्याचीच ती!

म्हणजे मी रोज नजर म्हणून जाळत होते तो सगळा धूर चिमणी इमानेइतबारे ओढत होती आणि जाऊबाईंच्या तोंडावर सोडत होती. मला ठसका कसा लागणार? आणि त्यांना कसा नाही लागणार?

पण मी एवढ्याने नमणारी नाही. मी उलट त्यांच्यावरच चढले, मग सांगितलं का नाही तुम्ही?

"काय सांगू वं?" जाऊबाई म्हणाल्या. "तू म्हनती, चिमनी देखीसन जळस."

मी परत डोळे पुसायला लागले. कारण मी तेच म्हणत होते, महिनाभर, साऱ्या गल्लीत.

तेवढ्यात हे शिडीवर चढले. चिमणी आली त्या दिवशी चढायला काय झालं होतं, देव जाणे. आत हळूच डोकावून म्हणाले, "पिल्लं शेतस." मग पाइपावरून हात फिरवत म्हणाले, "याना तोंडले जाळी नहीं. त्यानी दियेल व्हती ना? कथी गई ती?"

मी तोंड उघडून बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, तोच रूपाली आमच्या घरातून आली. पाहुण्यांचा चहा आता मोठ्या मायच्या चुलीवर ठेवायचा म्हणून ती दुधाचं पातेलं घेऊन आली होती. आणि पातेल्यावर ती गोल, चकचकीत जाळी. पाइपाला लावायला दिलेली. मांजराने दुधात तोंड घालू नये म्हणून मला ती फार आवडली होती, पातेल्यावर अगदी बेताची बसायची.

ह्यांनी शिडीवरून जाळीकडे पाहिलं. व्याह्यांनी पाहिलं. साळुंकीनेसुद्धा पाहिलं. 

साखरपुडा पडवीतच झाला. रूपालीला पाटावर जाऊबाईंनी बसवलं, कुंकू त्यांनीच लावलं. मी बाजूला उभी, डोळे लालबुंद. विहीणबाईंना वाटलं मी लेकीसाठी रडतेय, त्यांनी मला जवळ घेतलं. आणि तुम्हाला म्हणून सांगते, त्यातलं अर्धं पाणी मिरचीचं नव्हतंच.

आता विहीणबाईंचं म्हणणं पडलं, शुभकार्याच्या घरात पिल्लांचं घरटं मोडायचं नाही. ती उडेपर्यंत चिमणी बंद. चिमणीशिवाय फोडणी दिली की त्या दिवशीचा मिरचीचा खकाणा परत उठतो, म्हणून माझा स्वयंपाक कुठे? जाऊबाईंच्या चुलीवर. मी, गल्लीतली पहिली विजेच्या चिमणीवाली, फुंकणी घेऊन बसते. आणि माझ्या पाइपात साळुंकीची पोरं आरामात.

परवा ओली काटकं पेटेनात, मी फुंकर घातली आणि धूर असा नाकातोंडात गेला की खोकून खोकून मी आडवी. जाऊबाई शेजारी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठसका लागना ना? मंग बरं शे. कोनीच नजर नहीं तुले."