दिएगोवालीची ओटी

मॉरिशसमधल्या क्वात्र बॉर्नच्या आमच्या घरी कपडे धुवायला येणाऱ्या बाईला सगळी गल्ली दिएगोवाली म्हणायची. तिचं बेट दिएगो गार्सिया. आजारी नवऱ्याला डॉक्टरला दाखवायला ती बोटीनं मॉरिशसला आली, घराच्या दाराला नुसती कडी लावून. परत निघाली तर तिला सांगण्यात आलं, आता बोट नाही, बेट परक्यांनी घेतलंय. वर म्हणे, तिथे कुणाचं गाव नव्हतंच. कोपऱ्यावरचा दुकानदार दर खेपेला विचारायचा, "काय गं, सापडलं का तुझं बेट?" ती खाली बघत साबण घेऊन यायची. मला त्या माणसाचा असा संताप यायचा!

एका थंडीतल्या रविवारी रेडिओवर फ्रेंच बातम्या लागल्या होत्या. बाबा एकदम ओरडले, "ऐका! आफ्रिकेतले सगळे देश एकमुखानं म्हणतायत, दिएगो मॉरिशसचं आहे, परत करा!"

आईनं पुढचं ऐकलंच नाही. तिच्या लेखी बोट बंदराला लागलीसुद्धा होती. तिनं सुपात तांदूळ घेतले, कपाटातला खण काढला, वर नारळ ठेवला.

"अगं, नुसतं मागितलंय. दिलंय कुठं?" बाबा म्हणाले.

"बाय म्हायेरला चाललीय नि तिला रिकामी धाडू? तुमी बसा रादिओ घेऊन!"

दिएगोवाली साबणाचे हात पुसत अंगणातून आली. पदर नव्हता, म्हणून आईनं तिला फ्रॉकचा घेर धरायला लावला, कुंकू लावलं आणि ओटी भरली. नारळ बघून ती खो खो हसली. बेटावर तिनं जन्मभर नारळच सोलले होते. मग बाबांनी तिला खरी बातमी सांगितली. मागणी झालीय, बोट नाही.

आईचा चेहरा पडला. दिएगोवाली पायरीवर टेकली, पण घेर सोडला नाही. "आलोर मो पा मांतेर, मो सेर," ती आईला म्हणाली. म्हणजे मी खोटारडी नाही ना, ताई. आणि तिनं असा श्वास सोडला की माझ्याही जिवाला हायसं वाटलं.

जाताना ती रोजच्यासारखी मागच्या बोळानं गेली नाही. दोन्ही हातांनी ओटी सावरत दुकानावरून गेली. मी सोबत होते.

"हे काय?" दुकानदारानं विचारलं.

"गावी जायचंय, त्याचं."

"कधी?"

"बोट देतील तेव्हा."

बेट सापडलं का, हे त्यानं विचारलं नाही.