पार्टी नव्हे, पाहुणी

सकाळी सातला कोथरूडहून निघाले तेव्हा दादा फाटकात हाताची घडी घालून उभा होता. पैज सरळ होती. बाबांची जुनी विलायती गाडी माले गावापर्यंत जाऊन स्वतःच्या चाकांवर परत आली, तर ती घरात राहणार. दुसऱ्या गाडीला बांधून आणावी लागली, तर संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाला जाणार. मी बासष्ट वर्षांची आहे आणि हरायची मला सवय नाही.

काच वर केली की आत चामड्याचा वास कोंडतो. बाबा ऑफिसातून घरी यायचे ते हाच वास अंगावर घेऊन. समोर अक्रोडाच्या लाकडाची चकचकीत फळी, तिच्यात टिकटिकणारं घड्याळ. नव्या गाड्या शेजारून सुसाट जातात. हिला कुणाशी शर्यत लावायची नसते, म्हणून तर मला ती आवडते. पिरंगुटचा घाट ती कुरकुर न करता चढली. कासार आंबोलीला मी वडापाव खात होते तेव्हा एका काकांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"राजाची हाय का?"

"बाबांची," मी म्हणाले.

मालेच्या पहिल्याच घरापाशी तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. अंगणात माझ्याच वयाच्या एक बाई भात वाळत घालत होत्या. मी पाणी मागितलं.

"जमीन इकायची न्हाई," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"जमीन नको हो, पाणी हवंय."

"समदे पाण्यापास्नंच सुरू करत्यात. आदी पाणी, मग च्या, मग सातबारा."

इकडे मोठी गाडी दारात थांबली की ती जमीन घ्यायला आलेली 'पार्टी' असते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी बॉनेट उघडलं. वाफेचा लोट उठला.

"आगं बया! पार्टीची गाडी अशी तापत न्हाई. या, सावलीत या."

पाण्याच्या नळीची पकड सैल झाली होती, ती मी आवळली. इंजिन निवेपर्यंत त्या बाईंनी, हिराबाईंनी, तांदळाची भाकरी आणि चवळीची आमटी वाढली आणि जेवताना मी त्यांना पैजेची गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघींनी मिळून रेडिएटरमध्ये कळशी रिकामी केली. त्या गाडीत बसल्या, लाकडावरून हात फिरवत राहिल्या.

"झ्याक हाय. मग इकताय कशापाई?"

"भाऊ म्हणतो, उगाच जागा अडवते."

"आमची पोरं वावराला हेच म्हणत्यात. दोन्ही बाजूंची वावरं गेली, बंगलं झालं. म्या न्हाई दिलं. आवडतं म्हणून ठिवलंय. कारण कुणाला सांगत बसायचं?"

परतीच्या घाटात माझं लक्ष रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त होतं. माथ्यावरही तो मधल्या रेघेवरच राहिला, तेव्हा मी एकटीच मोठ्याने "बाबा!" म्हणून ओरडले. लाज वाटली नाही.

फाटकात दादाबरोबर गिऱ्हाईक उभं होतं. त्याने बॉनेटवर तळवा ठेवला आणि गोड हसला.

"सुंदर आहे हो गाडी. आधी जरा पाणी मिळेल का?"

"देते की," मी खाली उतरत म्हणाले. "पण इकायची न्हाई."