आठ सूट, एकच डावा गुडघा

डोंगराकडे जाणारा डांबरी रस्ता जिथे संपतो, तिथे एक दुमजली इमारत आहे. तळमजल्यावर घळ उतरायला येणाऱ्या पाहुण्यांचं ऑफिस आणि वर दोन खोल्या. त्या खोल्यांत दोघी बहिणी राहायच्या. थोरली ताई मागच्या अंगणात पाहुण्यांचे रबरी सूट धुवायची, धाकटी ते शिवायची. धाकटीला सगळे सूटवाली मावशी म्हणायचे.

घळ म्हणजे डोंगराला पाण्याने पाडलेली खोल चीर. नवखी माणसं जाड सूट, हेल्मेट आणि कमरेला दोराचा पट्टा चढवून वरच्या तोंडाने तिच्यात शिरायची. कुठे दोराने, कुठे कातळाच्या घसरगुंडीवरून, कुठे डोहात उडी मारून उतरत उतरत तीन तासांनी खालच्या तोंडाने बाहेर यायची. त्यांना नेणारे गृहस्थ पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून ते मास्तर. ते सगळ्यांच्या पुढे असायचे आणि त्यांची बायको, म्हणजे बाई, सगळ्यांच्या मागे.

मावशी तरुणपणी तंबूंच्या कारखान्यात शिवणावर होती. बावीस वर्षं. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ती एक ट्रंक आणि एक शिवणयंत्र घेऊन ताईकडे आली. महिन्याभरासाठी म्हणून आली ती कायमचीच राहिली. अकरा वर्षं दोघींचं पोट त्या घळीवर चाललं, पण दोघींनी घळ आतून पाहिली नव्हती. ताईला गरज वाटली नाही, आणि मावशीला पोहता येत नव्हतं.

तरी मावशीला घळ पाठ होती. सुटाचं बूड झिजलेलं आलं की माणूस घसरगुंडीवरून नीट बसून आलाय. कोपर खरचटलं असेल तर अरुंद वाटेत धडपडलाय. घाबरट माणसाचा सूट पोटावर खरवडलेला असायचा, कारण तो कातळाला मिठी मारून उतरतो. खिडकीशी बसून ठिगळ लावताना खालून पाण्याचा आवाज यायचा आणि तिच्या मनात घळीतल्या खोल्या उघडत जायच्या. एक हिरवी, एक काळी, एक जिच्यात वरून ऊन गळतंय. कधीकधी ताईची हाक तीनदा येऊन जायची, तेव्हा कुठे ती भानावर यायची.

त्या वर्षी हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. मावशीने आठ सूट टेबलावर एका ओळीत मांडले आणि मास्तरांना वर बोलावलं. आठही सुटांना डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला चार बोटं लांब तिरका काप होता.

"घसरगुंडीच्या तळाशी काहीतरी नवीन आलंय," ती म्हणाली.

मास्तर हसले. पंधरा वर्षं आपण त्या घळीत जातोय, तिथला खडान्‌खडा आपल्याला माहीत आहे, असं त्यांचं म्हणणं. पाहुण्यांपैकी कुणी तक्रारही केली नव्हती. मावशीने शांतपणे विचारलं की या हंगामात ते स्वतः घसरगुंडीवरून कितीदा आले. एकदाही नाही, मास्तर म्हणाले. ते दोराने आधी खाली उतरायचे आणि डोहाच्या काठाशी उभे राहून येणाऱ्याला धरायचे. बाई वरून एकेकाला सोडून शेवटी दोरानेच यायच्या. घसरायचे फक्त पाहुणे, आणि त्यांना थंडीने नि आनंदाने गुडघ्याचं भानच नसायचं.

"माणसं विसरतात मास्तर," मावशी म्हणाली. "कापड विसरत नाही."

"मग चला उद्या. तुम्हीच दाखवा."

मास्तर थट्टेत बोलले होते. मावशीने मान डोलावली आणि सुईत दोरा ओवला.

ताईने ऐकल्यावर हातातला सूट टबात आपटला. पन्नाशी जवळ आली, पोहता येत नाही आणि घळीत उतरायचंय म्हणे, अक्कल काय गहाण टाकली का, असं बरंच काही ती बोलली. मावशीने टबाकडे बोट दाखवलं. ताई दाबून दाबून दमली तरी तो सूट पुन्हा पुन्हा पाण्यावर येत होता. ताईने तो सूट तसाच सोडला, पण सकाळी चहा दिला तो पाठ फिरवूनच.

त्या दिवशी चौघं नवखे होते. एक जोडपं, एक निवृत्त नर्स आणि औषधांच्या दुकानातला एक उंच माणूस. पहिला उतार दोराचा होता, दोन माणसांच्या उंचीचा. बाकीचे उतरले. औषधवाला मात्र अर्ध्या वाटेत कातळाला चिकटला तो हलेचना. मास्तर खालून समजावत होते की पाय टेकवा, अंग मागे सोडा, पट्ट्यावर बसा. तो ऐकत होता, पण अंग ऐकत नव्हतं.

वर बाईंजवळ उभ्या असलेल्या मावशीने वाकून त्याच्या पाठीवरचा आकडा पाहिला.

"चौदा नंबर ना? अहो, त्याच्या बुडाला मी दुहेरी ठिगळ लावलंय. बिनधास्त बसा. एक वेळ कातळ फाटेल, ते फाटणार नाही."

खालून हसू फुटलं. औषधवाल्यालाही आलं असावं, कारण त्याचे खांदे सैल झाले आणि तो दोरावर बसून अलगद खाली गेला. मग मावशीची पाळी आली. कातळाला मिठी मारायची फार इच्छा झाली, पण पोटावर खरवडलेला सूट घेऊन ताईसमोर कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून ती मागे झुकली.

पुढे दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत गेले. पाणी गळ्याशी आलं, पायांखालची जमीन सुटली आणि मास्तरांनी सगळ्यांना उताणं पडून वाहत यायला सांगितलं. मावशी पडली. कान पाण्यात गेले तसा जगाचा आवाज बंद झाला. उरला फक्त एक मऊ घुमारा, जणू डोंगरच झोपेत श्वास घेतोय. वर आकाशाची हातभर रुंद पट्टी होती आणि ती हळूहळू सरकत होती. का ती स्वतः सरकत होती, ते तिला कळेना. एका वळणावर ऊन पाण्यावरून उसळून कड्यांवर चढलं आणि सगळा कातळ हलायला लागला. सोनेरी, मग हिरवा, मग पुन्हा काळा. खिडकीशी बसून तिने मनात ज्या खोल्या बांधल्या होत्या, त्यांच्यापेक्षा या मोठ्या होत्या आणि त्यांना दारंच नव्हती. आपण एका खोलीतून दुसरीत कधी गेलो ते समजत नव्हतं. आपल्याला पोहता येत नाही, ही गोष्ट कुण्या दुसऱ्या बाईची असावी तशी तिला वाटली.

घसरगुंडी आली तेव्हा ती जागी झाली.

मास्तर दोराने खाली गेले. मावशीने बाईंना सांगितलं की आधी मी जाते, बाकीच्यांना थांबवा. तिने हात छातीवर बांधले, पाय जुळवले आणि स्वतःला सोडलं. पाण्याने तिला गरकन उजवीकडे वळवलं. तळाशी पोचता पोचता डाव्या गुडघ्याला काहीतरी धारदार लागलं. नाकातोंडात पाणी गेलं. मास्तरांनी तिला ओढून काठाशी घेतलं.

खोकला थांबल्यावर तिने हाताने जागा दाखवली. मास्तर तिथे कमरेइतक्या पाण्यात गेले, वाकले, चाचपत राहिले. मग त्यांचा हात थांबला. पुरात वरून आलेली एक चपटी शिळा दोन दगडांत अडकून बसली होती. वरची कड कोयत्यासारखी, फेसाच्या बरोबर खाली. थोडी आणखी वर सरकली असती तर ठिगळाने भागलं नसतं.

बाकीच्यांना मास्तरांनी दोराने उतरवलं. खालच्या तोंडाशी हेल्मेट काढल्यावर ते म्हणाले, "मावशी, आठ कशाला, एका सुटाचंही मी ऐकायला हवं होतं."

ती शिळा दुसऱ्या दिवशी पहारींनी उखडून काढली.

त्या दिवशी घरी आल्यावर मावशी दुपारभर अंथरुणावर उताणी पडून छताकडे बघत होती. छत हळूहळू सरकत होतं म्हणे. संध्याकाळी ताईने तिचा सूट धुवायला घेतला, गुडघ्याचा काप बोटाने चाचपला आणि म्हणाली, "हा मी शिवते." ताईला शिवण येत नाही. टाके वेडेवाकडे पडले. मावशीने ते कधी उसवले नाहीत.

पुढच्या वर्षी बाईंची पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांच्या मागे राहायचं काम मावशीकडे आलं. तोवर ती पोहायलाही शिकली होती. दहा वर्षं ती नवख्यांच्या मागे चालली. मास्तर दर हंगामात टेबलावरच्या फाटक्या सुटांपुढे येऊन बसायचे आणि सूट काय म्हणताहेत ते तिला विचारायचे.

आता तिची साठी उलटली आहे. गुडघे कुरकुरतात, म्हणून ती फक्त पहिल्या डोहापर्यंत जाते. नवखी माणसं रांगेने पाण्यात उभी राहतात. मावशी एकेकाच्या डोक्याखाली तळहात धरते आणि वर बघायला सांगते. कुणी डॉक्टर असतो, कुणी ट्रक चालवणारा. सुरुवातीला सगळ्यांच्या माना ताठ असतात. हळूहळू त्या सैल होतात, डोळे दूर कुठेतरी लागतात आणि माणूस पानासारखा तरंगायला लागतो. हात तिने कधी काढून घेतला, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.