विसरणारं लोखंड

नानांच्या शर्टाच्या कॉलरला कायम एक टाचणी टोचलेली असायची. पिंपरी पेंढारच्या त्यांच्या वर्कशॉपात लोखंडाचा तुकडा आला, की ते तो आधी चुंबकाला लावायचे, मग काढून त्याला टाचणी चिकटते का पाहायचे. चिकटली की तोंड वाकडं करून म्हणायचे, "याला अजून आठवतंय." गावानं त्यांचं नाव टाचणीनाना ठेवलं होतं. नाना, बटणं परवडत नाहीत का, हा विनोद ते वर्षानुवर्षं हसून ऐकत आले.

हे सगळं वेड बोटभर लांबीच्या एका दट्ट्यापायी. ठिबकचं पाणी आपोआप चालू-बंद करणाऱ्या वॉल्व्हच्या पोटात तो असतो. वीज आली की वर ओढला जायचा, गेली की मुकाट खाली पडायचा. पण खत-ॲसिडच्या पाण्यानं हंगामभरात गंजायचा, झिजायचा. टणक व्हावा म्हणून तापवून पाण्यात विझवला, तर चुंबकपणा धरून बसायचा. वीज गेली तरी खाली येईना. "माणसाचंबी तसंच," नाना म्हणत. "कडक झाला की धरून बसतो. आतून मऊ आन् वरून टणक, असं पायजे."

बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर त्यांनी रीत बसवली. दट्टे बंद डब्यात लाल करायचे, भट्टीतच सावकाश निवू द्यायचे, मग निकेलचा पातळ थर चढवायचा आणि तो टणक व्हायला पुन्हा बेतानं शेकायचा. निवण्यात घाई करायची नाही, एवढी एकच त्यांची ताकीद.

मी नानांच्या हाताखाली कामाला; भट्टी माझ्याकडे होती. मेव्हण्याच्या साखरपुड्याला निघायचं म्हणून एका खेपेला मी डबा तापलेलाच उघडला आणि दट्टे पाण्यात टाकले. निकेल चढल्यावर सगळे सारखेच चमकत होते. टाचणी लावून पाहिलीस ना, असं नानांनी विचारलं. मी हो म्हणालो.

त्यातला एक लोणीच्या एका बागायतदाराकडे अडकला. वॉल्व्ह मिटलाच नाही, ठिबकच्या नळ्या धुवायला सोडलेलं ॲसिड दिवसभर वाहत राहिलं, डाळिंबाची मुळं जळाली. बागायतदार तो दट्टा तळहातावर घेऊन वर्कशॉपात आला. नाना एवढंच म्हणाले, "रीत माझी, चूक माझी." मी पाना पुसत उभा होतो.

त्यानंतर नाना स्वतःच्या रीतीत खोट शोधत बसले. कधी थर जाड, कधी पातळ. कधी शेक कमी. मधूनच मला विचारत, "पुरं निवू दिलं व्हतंस ना रं?"

"व्हय नाना."

"मग रीतच खोटी."

प्रत्येक 'व्हय'नंतर खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं. नव्या खेपांना टाचणी चिकटत नव्हती, तरी त्यांचं मन भरेना. कधी फसवंल ते कळत न्हाई, अशी वस्तू लोकांच्या बागंत घालायची न्हाई, म्हणाले. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मढला लेकीकडे राहायला गेले. मी तीनदा मढला गेलो. तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

वर्कशॉप आता मी चालवतो. रीत तीच, नानांची, काडीचाही बदल न करता. आजवर एकही दट्टा परत आलेला नाही.

नाना गेले. दहाव्याला लोणीचा तो बागायतदार आला होता. माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाला, "माणूस लई चांगला व्हता, भाऊ. पर त्यांना जे जमलं नाय, ते तुमी जमवलंत."

मी मान डोलावली.