वायर धरायचं स्टूल

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असताना मी आणि माझ्या एका वर्गमित्रानं मोहाडीत कारखाना काढला होता. कारखाना हा आमचा शब्द. गाव त्याला खोलीच म्हणायचं, आणि गावाचं काही चुकत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. गावात नुकते टीव्ही आले होते, पण धानाला पाणी द्यायच्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब लाल व्हायचे आणि पडद्यावरची माणसं आक्रसून जायची. म्हणून आम्ही व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायला घेतले. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरवर तांब्याची वायर गुंडाळावी लागते. मित्रानं जुन्या सायकलचं पायडल आणि चेन जोडून त्याचं यंत्र केलं होतं. तो हातानं पायडल फिरवायचा आणि मी समोर स्टुलावर बसून फडक्याच्या चिमटीतून वायर सोडायचो. सैल सुटली तर वेढे विस्कटायचे, ताणली तर वायर तुटायची. तुटली की तो ओरडायचा, "हात हाय का लाकूड हाय बे?"

त्या खोलीइतका मी पुढे कुठेच खूश नव्हतो.

परीक्षा झाली आणि मला जवाहरनगरच्या सरकारी फॅक्टरीत नोकरी लागली. मला विचारायच्या आधीच वडिलांनी बाजारात पेढे वाटून टाकले. आई एवढंच म्हणाली, "क्वार्टरात घरातच नळ रायते म्हणते." जन्मभर तिनं विहिरीचं पाणी ओढलं होतं. तरी मी आठवडाभर 'पाहू, पाहू' करत राहिलो आणि शेवटी मित्राकडे गेलो.

"तू थांब म्हणशील तर थांबतो," मी म्हणालो.

"मी काहून म्हणू? उद्या धंदा बसला तं तुह्या बाबाले कोण तोंड दाखवन?"

त्यानं एकदा 'थांब' म्हणावं म्हणून माझा जीव नुसता तुटत होता. त्यानं वायरचं रीळ पुसून फळीवर ठेवलं आणि चहा सांगितला.

नोकरी वाईट नव्हती. वेळेवर बस, वेळेवर पगार, आणि आईचा नळ. पण फॅक्टरीच्या बसमध्ये बसलो की माझी बोटं आपोआप रुमालाची चिमूट धरायची. शेजारच्याला वाटायचं, मला बस लागते. तो बिचारा खिडकीची जागा द्यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात मोहाडीला गेलो. खोलीबाहेरूनच चेनचा आवाज ऐकला आणि पाय भराभर उचलले. मित्र एकटाच गुंडाळत होता. माझ्या स्टुलावर त्यानं बाभळीचं एक बेचकं ठोकलं होतं, त्याला फडकं बांधलं होतं, आणि त्यातून वायर अगदी सारख्या ताणानं सुटत होती.

"कसं चालते?" मी विचारलं.

"मस्त. एकडावही नाही तुटली."

मला राहवलं नाही. "जरा मी धरू काय?"

त्यानं पायडल थांबवलं नाही. "आता नको घालू हात," तो अगदी मायेनं म्हणाला, "मधातच तुटन ना."